मुकादमाची ड्यूटी

३ फेब्रुवारी, सोमवार
नाना हॉस्पिटलमधून घरी आले. खुब्याचं ऑपरेशन झकास झालंय. फिजिओ बाईंनी एक तक्ता दिलाय: वॉकर धरून दिवसातून तीनदा चाळीस-चाळीस पावलं, रोज लिहून ठेवायची. तीन महिने. या वयात माणूस बसला की बसलाच, पुन्हा उभा राहत नाही, असं बजावून गेल्या. घाबरवल्याशिवाय या लोकांना फी घेतल्यासारखी वाटत नाही.

ताई हटून बसली होती की नानांना मीच नेते. तिच्याकडे लिफ्ट आहे, ती रिटायर झालीय, वगैरे वगैरे. मी ठणकावून सांगितलं की बिस्किट फॅक्टरीत पॅकिंगची लाइन बावीस वर्षं चालवतोय, छत्तीस माणसं जागेवर ठेवतो, एक बाप सांभाळायला काय लागतं. शेवटी तह झाला. ३० एप्रिलला ताई येणार. नाना आपल्या पायांनी अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेले तर इथेच राहतील, नाही तर ती घेऊन जाईल. हे घर नानांनी बांधलंय, त्यांना इथून हलायचं नाही. म्हणजे प्रश्नच मिटला.

४ फेब्रुवारी
संकल्प: रोज सकाळी सहाला उठणे. नानांना चालवणे. तक्ता भरणे. जमल्यास स्वतःचं पोटही कमी करणे.

५ फेब्रुवारी, स. ७.५०
उशीर झाला. पहिला दिवस धरायचा नसतो.

७ फेब्रुवारी
चालवलं! अकरा पावलं. बारावं टाकणार तेवढ्यात फॅक्टरीतून फोन, रॅपिंग मशीन बंद पडलं. बोलत बोलत मी अंगणात गेलो. तोवर नाना भिंतीला धरून उभे होते, असं बायकोने मागाहून सांगितलं. मशीनचा घोळ मोठा होता, त्याला मी काय करणार.

१० फेब्रुवारी
मूळ अडचण सापडली. सकाळी नऊ ते दुपारी चार नाना घरात एकटे. मी फॅक्टरीत, बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर, पोरगी शाळेत. देखरेख नाही, आणि देखरेखीशिवाय कुठलीच लाइन चालत नाही. बायको म्हणाली की दिवसभरासाठी बाई ठेवू. मी म्हटलं, परकं माणूस घरात नको. माझ्या डोक्यात वेगळंच काहीतरी घोळतंय.

१५ फेब्रुवारी, शनिवार
कुत्रा आणला! आमच्या फिटरच्या मेव्हण्याकडचं पिल्लू, साडेतीन महिन्यांचं. बाप अस्सल मेंढ्या राखणाऱ्या जातीचा. आई कुठली म्हणून विचारलं, तर मेव्हणा म्हणाला की स्वभावाने गरीब आहे. काळंपांढरं, एक कान उभा, एक पडलेला. ही जात म्हणे दोनशे मेंढ्या एका जागी ठेवते. आपल्याला तर एकच माणूस ठेवायचाय.

नाव ठेवलं मुकादम. पोरगी खूश. नानाही हसले, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. बायकोने विचारलं की याची घाण कोण काढणार. मी म्हटलं, मी.

१६ फेब्रुवारी
बायकोने काढली.

२० फेब्रुवारी
नानांचं आणि मुकादमाचं मेतकूट जमलंय. दुपारभर तो त्यांच्या पायाशी झोपतो, नाना त्याच्याशी बोलत असतात. माझ्याशी एवढं बोलल्याचं आठवत नाही. पोरीने नेटवर वाचलं की या जातीला रोज दोन तास पळवावं लागतं आणि डोक्याला काम द्यावं लागतं, नाही तर ते आपलं काम आपणच शोधतात. मी म्हटलं, काम त्याला मी देणार आहे. संकल्प: सोमवारपासून नाना आणि मुकादम, दोघांनाही सहाला फिरवणे.

२४ फेब्रुवारी
सोमवार होता, पण पाऊण तास कुत्र्याचा पट्टा शोधण्यात गेला.

संध्याकाळी मात्र कमालच झाली. नाना वॉकर घ्यायला उठले, जरा तोल गेला, तर मुकादमाने समोर येऊन, भुंकून त्यांना परत खुर्चीत बसवलं. कुणी शिकवलं नव्हतं! पडले असते म्हणजे? मी लगेच खिशातला बिस्किटाचा तुकडा त्याला दिला. फॅक्टरीतली तुटलेली बिस्किटं आम्हाला फुकट मिळतात, त्यामुळे ट्रेनिंगचा खर्च शून्य.

२७ फेब्रुवारी
आता रोज संध्याकाळी ट्रेनिंग. मी सांगतो, नाना, उठा. ते अर्धे उठतात. मुकादम आडवा येतो. ते बसतात. तुकडा. असं दहा वेळा. नाना म्हणाले की आता पुरे. दहा वेळा अर्धं उठणं म्हणजे पायांना चाळीस पावलांइतकाच व्यायाम झाला, म्हणून चालणं आज वेगळं घेतलं नाही.

८ मार्च
दहा दिवसांत नाना एकदाही पडले नाहीत. बायको म्हणते की उठतच नाहीत तर पडतील कसे. हिला कुणाचं कौतुक करायचं म्हणजे जिवावर येतं.

मुकादम आता मी नसतानाही ड्यूटी करतो. नाना पुढे सरकले की उठून उभा राहतो. तरीही सरकले तर टाचेला हलकेच तोंड लावतो. मेंढ्यांना असंच वळवतात. त्याला चावणं म्हणत नाहीत.

१४ मार्च
एवढ्या उकाड्यात नाना दोन-दोन मोजे चढवून बसलेले. म्हातारपणी थंडी वाजते.

१९ मार्च
उद्या फिजिओ बाई येणार आणि तक्ता कोरा. फॅक्टरीत महिनाअखेरीला चेकलिस्ट भरतो तसा एका बैठकीत भरून टाकला. ४०, ४०, ४०. खरं वाटावं म्हणून मध्येच कुठे ३८, आणि तीन वेगळी पेनं. नाना समोर खुर्चीतच होते, बघत होते. याला खोटं म्हणता येणार नाही, ही आगाऊ नोंद आहे. पुढे रोज ऐंशी-ऐंशी चालवून भरून काढायचंच आहे.

२० मार्च
बाईंनी नानांचे पाय दाबले, टेपने मांड्या मोजल्या, मग तक्ता पाहिला, मग पुन्हा मांड्या मोजल्या. म्हणाल्या की एवढं चालल्यावर ताकद वाढायला हवी, इथे तर कमी झालीय, डॉक्टरांच्या कानावर घालते. तक्ता इतका व्यवस्थित ठेवणारा मुलगा त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. मी म्हटलं, कर्तव्यच आहे. नानांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

२८ मार्च
नानांच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. मी सांगतच होतो.

पोरगी आज परीक्षेमुळे लवकर घरी आली. तिचं म्हणणं, नानांनी तिला हात जोडले आणि म्हणाले की मुकादमाला जरा बाहेर धरून ठेव, मला संडासला जाऊ दे. सांगताना रडत होती. हे वयच असं हळवं असतं. तरी मी मुकादमाला समोर बसवून समज दिली. निमूट ऐकून घेतलं त्याने, म्हणून तुकडा दिला.

संकल्प: १ एप्रिलपासून कडक शिस्त. नाना, मी, मुकादम. सहाला.

५ एप्रिल
१ तारखेला चष्मा सापडेना. २ ला सापडला, पण शोधताना पाठ धरली. ३ ला पाठ. ४ ला पाठ बरी होती, पण घाई करून पुन्हा धरली असती.

पंचवीस दिवस हातात आहेत. मी स्वतः मोजून आलो, फाटक बावीस पावलांवर आहे. दिवसाला एक पाऊल वाढवलं तरी तीन दिवस उरतात.

१२ एप्रिल
नानांनी चहा सोडला. पाणीसुद्धा घोटभरच घेतात. बायकोला काळजी लागलीय. मला उलट कौतुक वाटतं, आयुष्यभर चहाबाज असलेल्या माणसाने या वयात एवढा संयम दाखवायचा! मध्यंतरी खुर्चीवर मेणकापड घालावं लागलं होतं, हल्ली तेही दिवसभर कोरडं असतं. सुधारणा आहे.

१८ एप्रिल
फॅक्टरीत ऑडिट. मान वर करायला फुरसत नाही. नाना दिवसभर खुर्चीतच डोळे मिटून पडलेले असतात असं बायको म्हणते. ऑडिट संपलं की बघतो.

२१ एप्रिल, दु. ३.००
हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितोय. नानांना सपाटून ताप. लघवीचं इन्फेक्शन, अंगातलं पाणी आटलेलं. मला ओळखेनात, मलाच साहेब म्हणून हाक मारली. डॉक्टरांनी विचारलं की हे पाणी का पीत नव्हते. बायकोने नानांचे मोजे काढले. दोन्ही टाचांवर दातांच्या खुणा, काही सुकलेल्या, काही ताज्या, एक पिकलेली. डॉक्टरांनी विचारलं की कुत्रा चावतो का. मी म्हटलं, चावत नाही, वळवतो.

बायको मला बाहेर घेऊन आली. उठलं की टाच धरतो म्हणून उठायचं नाही, उठायचं नाही म्हणून लघवी लागू द्यायची नाही, लागू द्यायची नाही म्हणून पाणी प्यायचं नाही. एवढं तिने अगदी हळू आवाजात सांगितलं. मी म्हटलं, मग नानांनी तसं सांगायचं होतं. तिने विचारलं की कुणाला.

२५ एप्रिल
ताप उतरला. नाना सगळ्यांना ओळखतात. दोघांनी धरून उभं केलं तर पाय दुमडतात. अजून पाच दिवस आहेत. पाच दिवसांत काय वाटेल ते होऊ शकतं.

३० एप्रिल
ताई आली. नाना फाटकापर्यंत गेले, व्हीलचेअरवरून. ढकलली मी. मुकादम चाकाला आडवा आला, पोरीने त्याला उचलून घेतलं. नानांनी थांबायला सांगितलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले की याला कुणी रागवायचं नाही, याने सांगितलेलं काम केलं. मग घराकडे एकदा पाहून घेतलं. ताईने तक्ता मागितला, तिकडच्या डॉक्टरांना दाखवायला. नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून दिला.

७ मे
पोरगी मुकादमाला रोज सहाला मैदानावर पळवून आणते. दमून येतो आणि कुणाच्या वाटेला जात नाही. बायको माझ्याशी कामापुरतं बोलते.

ताईचा फोन होता. तिकडचे डॉक्टर चक्रावलेत. रोज एवढा चालणारा माणूस असा बसत नाही, नसांचा काही आजार असणार, असं त्यांचं म्हणणं. म्हणून शुक्रवारी सकाळी दहाला नानांच्या दोन्ही पायांत सुया घालून तपासणी करणार आहेत. फार दुखतं म्हणे. तक्ता मी बसून भरला, एवढं एक वाक्य सांगितलं की ते टळेल. संकल्प: उद्या फोन करून सांगणे.

८ मे
लावला. एंगेज होता.

९ मे, शुक्रवार, स. ११.३०
मीटिंग लांबली. तपासणी दहाची होती. आता सांगून काय उपयोग.

११ मे, रविवार
ताईचा फोन आला. पाऊण तास चाललं म्हणे. नाना ओरडले नाहीत, उशी दातात धरून पडून राहिले. रिपोर्टमध्ये काहीच नाही. शेवटी डॉक्टरांनी ताईसमोरच नानांना विचारलं की हा तक्ता खरा आहे का, तुम्ही खरंच चालत होतात का. नाना म्हणाले की हो, मुलगा रोज चालवायचा, फॅक्टरीतून कितीही दमून आला तरी.

ताईला बोलताना रडू फुटलं. म्हणाली की मी तुझ्यावर उगाच संशय घेतला, चुकलं माझं, मनात ठेवू नकोस. मला लाज वाटली. अशी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती. तक्त्याचं खरं सांगायचं तर आत्ताच सांगायला हवं होतं, ताई ऐकत होती, नाना तिच्या शेजारीच बसलेले होते म्हणे.

मी म्हटलं, असू दे.