तुनुपा ढगात असताना

धाकट्या एवारिस्तो,

जीपच्या टपावरची जाळी, डिझेलची जादा टाकी, इंजिनाला खारं पाणी लागू नये म्हणून खालून ठोकलेला पत्रा, सगळं माझ्या हातचं. तीच जीप तू परवा प्रवासी भरून मिठाच्या मैदानात घातलीस.

"तुनुपा ढगात आहे. तो ज्वालामुखी दिसेपर्यंत निघू नकोस, त्याच्याशिवाय दिशा चुकते आणि काठाचं मीठ पातळ असतं," मी बजावलं.

"दादा, तुला परसात जायलाही तुनुपा लागतो!"

जीप रुतली. प्रवासी चालत परतले, ती सोडवायला तू मागे राहिलास. अजून सापडला नाहीस.

ज्यानं तुला पाठवलं तो सहलवाला आज आला. 'एवारिस्तो परस्पर गेला,' एवढं लिहून मागत होता. मी नाही म्हटलं. तीस हजार बोलिव्हियानो देत होता.

तुझा दादा,
सेवेरो