कुरवंड्याचा काटा

४ ऑगस्ट
बाळं तोलायचा काटा यूएसबीने संगणकाला जोडायचा, पण वजन कळवायचं कोणत्या पद्धतीने — आजही तेच. कैलाससाहेब, आमच्या तळेगावच्या कारखान्याचे मालक, म्हणाले, "काट्यानं कीबोर्डसारखं वागावं. वायर लावली की आकडा उमटला. ड्रायव्हरची कटकट नाही."
मला सीरियल पोर्ट बरा वाटतो. त्यात काटा आणि प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात. कीबोर्ड नुसता टाइप करतो, कुठे ते बघत नाही. एवढं बोलायचं होतं. "चालेल," म्हणालो.
अनिता वारली त्याला एकसष्ट दिवस. घरात आता मी आणि आमचा मुलगा प्रज्ञेश.

५ ऑगस्ट
कीबोर्ड पद्धतीच्या आराखड्यावर सही केली.
जेवताना प्रज्ञेश म्हणाला, "पप्पा, माझ्याकडून मीठ दोनदा पडलंय. तुम्ही गपचूप खाताय?"
मला कळलं नव्हतं.

११ ऑगस्ट
बुद्धवंदना घेतली. शब्द नुसते तोंडाने म्हटले.

१३ ऑगस्ट
पहिला काटा गेल्या आठवड्यातच कुरवंड्याच्या आरोग्य उपकेंद्रात बसवलाय, तो बघायला गेलो. नर्स रेणुकाताई एकट्या, बाहेर बायांची रांग. वेळ वाचावा म्हणून एक बाळ काट्यावर असतानाच त्या पुढच्या बाळाचं नाव उघडतात. आकडा स्थिर व्हायला चार सेकंद. तोवर पडद्यावर दुसरंच नाव!
सरूबाई तीन महिन्यांचा नातू घेऊन आल्या. "भाऊ, मागल्या खेपेला तुमचं यंत्र पाच किलो आठशे म्हनलं. माज्या हाताला तर न्हाई लागत."
"आजी, काटा खोटं बोलत नाही," रेणुकाताई म्हणाल्या.
"मग माजा हात बोलतोय व्हय?"
पुन्हा तोललं. आकडा काट्यावरच वाचला. तीन किलो चारशे. मागल्या खेपेचं वजन रांगेत त्याच्या आधी असलेल्या बाळाचं होतं, याच्या नावावर उमटलेलं.
लोणावळ्याला दवाखान्यात पाठवलं. गाडी येईपर्यंत बाळ माझ्याकडे होतं. तो हलकेपणा अजून मनगटात आहे.

१४ ऑगस्ट
साहेबांना सांगितलं — सही माझी, चूक माझी. चाळीस काटे निघायचेत, थांबवा.
"त्या ताईंना सांगा, नीट बघून करा."
"रांग आहे साहेब, त्या असंच करणार. बाळ ठेवलं की काट्यानं प्रोग्रॅमला कळवायला हवं, म्हणजे तो नाव बदलू देणार नाही. कीबोर्डला ते जमत नाही."
त्यांनी कॅलेंडर पुढ्यात ओढलं. मग, "किती दिवस?"
"दहा."
"आठ."

२२ ऑगस्ट
सीरियलचा काटा कुरवंड्यात लावला. रेणुकाताईंनी सवयीने पुढचं नाव उघडायला घेतलं. उघडेना. "हा तर माझ्यापेक्षा हट्टी!" म्हणाल्या.

२५ ऑगस्ट
सरूबाईंचा फोन. नातू घरी आला. तीनशे ग्रॅम वाढला.
आजची भाजी अळणी होती. तसं म्हणालो. प्रज्ञेश घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला.