राहून गेलेली कप्पी

प्रिय बारक्या,

कंबर कशी आहे? तुझी बायको फोनवर म्हणाली, जिना चढताना अजूनही कठडा धरतोस.

परवा होडी धुतली. पुढचं शीड गुंडाळायचा तो फर्लर मी कधीच काढून टाकलाय. तो निवडताना किती भांडलो होतो आपण! तुला एक माप मोठा हवा होता. एवढ्याशा होडीला हत्तीची सोंड कशाला, म्हणून मी उडवून लावलं आणि तू हसून ऐकलंस. तू नेहमीच माझं ऐकायचास.

बसवताना कारागीर मला तुझ्यादेखत बजावून गेला होता, की शीड चढवायचा दोर पुढच्या तारेला फार जवळून जातोय, डोलकाठीच्या टोकाशी एक कप्पी लावा, नाहीतर शीड गुंडाळताना दोरही तारेला पीळ घालेल. डोलकाठी उभी करून झाली होती. ती पुन्हा आडवी करायचा मला कंटाळा आला. तू विचारलंस, "कप्पी लावलीस ना, दादा?" मी म्हटलं, "लावली."

पुढचं तुला माहीत आहे. वारा चढला, शीड अर्धवट गुंडाळून अडकलं. मी मागून "ओढ, ओढ!" म्हणून ओरडत राहिलो. शेवटी तू ते सोडवायला पुढे गेलास, होडी कलली आणि तू आपटलास. दवाखान्यात बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, यानं घाईत दोर चुकीचा ओढला. आणि तू डोळे मिटूनच म्हणालास, "हो बाबा, माझंच चुकलं."

त्याच संध्याकाळी मी एकट्याने डोलकाठी उतरवली. दोराचे तीन वेढे तारेवर आवळून बसले होते. मी ते सोडवले, घरी आलो आणि जेवलो. या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

काल तुझी लेक आली होती. शिडाची होडी चालवायला शिकवणाऱ्या वर्गाचा अर्ज घेऊन. "काका, बाबा सही करत नाहीत. म्हणतात, माझ्या हातांना अक्कल नाही, तुझ्यात तरी कुठून येणार?" ती हसत सांगत होती. मला हसता येईना. मी तिला सगळं सांगितलं. अर्जाची घडी घालून ती म्हणाली, "हे बाबांना तुम्ही सांगा. रविवारपर्यंत थांबते, नाहीतर मी सांगेन." म्हणून हे पत्र. आणि तिच्या धाकानं लिहावं लागलं, याचीही लाज वाटते. बारक्या, तुझ्या हातांचं काहीच चुकलं नव्हतं. हवं तर माझ्याशी बोलू नकोस, ते मी सोसेन. पण पोरीच्या अर्जावर सही कर.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
दादा