फुकट मिळालेली गरिबी

श्रूजबरी, मंगळवार

प्रिय इशिता,

मुद्दाम मराठीत आणि मुद्दाम कागदावर लिहितेय. फोन केला की तुझी ती असिस्टंट रेणू उचलते, ईमेल केली की आधी तुझी टीम वाचते, आणि माझ्या मुलीशी बोलायला मला टीम लागत नाही. तुझे बाबा म्हणाले, 'शैलजा, थोडं थांब, राग निवळू दे.' थांबले. निवळला नाही.

तर ते भाषण. हॉटेल कामगारांच्या संपात ट्रकवर उभी राहून केलेलं, जे आता सगळ्या जगानं पाहिलंय. आवाज छान लागला होता. अभिनेत्रीच आहेस, लागणारच. पगारवाढीची मागणीही रास्त होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण 'माझी आई हॉटेलच्या लाँड्रीत चादरी धुवायची, तिच्या हातांना ब्लीचचा वास यायचा' असं म्हणालीस आणि मी कपाळावर हात मारून घेतला. अगं बाई, तुझी आई भूल देणारी डॉक्टर होती! उभं आयुष्य ऑपरेशन थिएटरमध्ये गेलं माझं. चादरी मी धुतल्या त्या घरच्या, आणि त्याही मशिनमध्ये टाकून. तुझा पियानो, उन्हाळ्यातले ते नाटकाचे कॅम्प, बाबांचा दवाखाना, हे सगळं काय चादरी धुऊन आलं?

परवा देवळात मंजुषाताईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. डोळ्यांत पाणी. 'इतकं सोसलंत आणि कधी बोलला नाहीत हो!' काय सांगणार मी त्यांना? मुलगी खोटारडी आहे म्हणून सांगू? पार्किंगपर्यंत सोडायला आल्या, तर माझी नवी गाडी बघून त्यांना आणखीच भरून आलं. मी गाडीत बसले आणि निघाले.

तुझ्या समाजसेवेबद्दल एरवी मी तोंड उघडत नाही. त्या मोर्चात पोलिसांनी तुला गाडीत बसवलं, तेव्हा कॅमेरा कुठे आहे ते बघून तू आधी केस सारखे केलेस. दिसलं ते आम्हाला. संपाच्या दिवशी ट्रकवरून 'या हॉटेलात कुणी पाऊल टाकू नका' म्हणून घसा फोडलास आणि संध्याकाळी मागच्या दारानं त्याच हॉटेलात शिरलीस, कारण सामान खोलीत होतं. हे तूच हसत हसत बाबांना सांगितलंस, मी उगाच आळ घेत नाही. तुझं फाउंडेशन गरीब मुलांना दप्तरं वाटतं, आणि प्रत्येक दप्तरावर तुझा फोटो! पोरांनी त्यात पुस्तकं भरायची की त्याला हार घालायचा? हां, कामगारांच्या मुलांची कॉलेजची फी भरतेस, ती मात्र खरी भरतेस. तेवढ्यासाठी आजवर गप्प बसले.

या वेळी गप्प बसणार नाही, कारण ते भाषण मी एकटीनं पाहिलं नाही. सोफ्यावर माझ्या शेजारी शरयू बसली होती.

तुझी शरयूमावशी, माझी धाकटी बहीण. आठवते ना, की तिचा रोल कापलास? नवऱ्याचं घर सोडून सांगलीहून इकडे परदेशात आमच्याकडे आली ती. मी म्हटलं, आरामात राहा. ती म्हणाली, बहिणीच्या घरी बसून खाणार नाही, आणि जवळच वूस्टरच्या एका हॉटेलात लाँड्रीत लागली. पहाटेची पाळी मागून घेतली, का, तर तू शाळेतून यायच्या आत तिला घरी पोचायचं असायचं. मी थिएटरमध्ये, बाबा दवाखान्यात. शाळेतून आलीस की तुझ्या वेण्या कोण घालायचं? तुला ताप आला की उशाशी कोण बसायचं? ज्या बाराखडीच्या जोरावर तू हे पत्र वाचतेयस, ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी कुणी गिरवून घेतली? ब्लीचचा वास तिच्या हातांना यायचा, इशिता. तू नाक मुरडायचीस. मग ती बिचारी हातांना लिंबू चोळायची आणि त्यानंतरच तुला जवळ घ्यायची.

तर ती हे सगळं ऐकत होती. इतकी वर्षं इथे काढल्यावर इंग्रजी तिलाही माझ्याइतकंच कळतं. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर उठून तरी जाईल. तर बाई खूश! म्हणते, 'ताई, हातांचं लक्षात आहे गं तिच्या.' वर तुझीच बाजू घेऊन मला समजावते, की या लोकांना मावशी कुठे कळते, आई म्हटलं की चटकन कळतं. मला वाटलं, चला, निभावलं. मग भांडी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, 'नाव विसरली नसेल ना माझं?' असा संताप आला तुझा! स्वतः काही सोसलं नाहीस, त्याची तुला लाज वाटते, असं बाबा म्हणतात. मग सोस की थोडं, कुणी अडवलंय? ते नाही. तू मावशीचं सोसणं उचललंस, तिला न विचारता, आणि माझ्या गळ्यात बांधलंस. दुकानातली साडी उचलली की लोक चोर म्हणतात. तुला टाळ्या पडल्या.

आता पत्राचं कारण. तुझ्या फाउंडेशननं पुढच्या महिन्यात बॉस्टनच्या समारंभात 'आईचा सत्कार' ठेवलाय आणि मला बोलावलंय. साधी साडी नेसा, दागिने नकोत, अशी सूचनाही आहे. वा! मी कळवून टाकलंय की सत्कारमूर्ती नक्की येतील. येणार आहे शरयू. तिला मी धडधडीत खोटं सांगितलंय, की इशितानं तुलाच बोलावलंय, अगदी नाव घेऊन. तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नाहीत. जरीची साडी काढून ठेवलीय, आणि आहेत तेवढे सगळे दागिने ती घालणार आहे. तुमची सूचना मी तिच्या कानावर घातलेली नाही. मी खाली बसेन. ती पायऱ्या चढून वर येईल, तुझ्याकडे बघेल, आणि माइक तुझ्या हातात असेल. खरं सांगायची हिंमत झाली नाही, तर आई म्हण तिला. माझी हरकत नाही, तेवढं तिनं केव्हाच कमावलंय. पण नाव घे तिचं. शरयू म्हण, मोठ्यानं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं.

तुझीच,
आई
(डॉक्टर शैलजा)