पासपोर्ट देऊन आले

बाबा, आज सकाळी मी माझा पासपोर्ट एका काउंटरवर देऊन आले. तिघांचेही दिले, इटलीच्या व्हिसासाठी. दोन-तीन आठवडे ते आता आपल्याकडे नसतील. मधेच मागितला तर परत मिळतो म्हणे, पण त्यालाही दिवस जातात. तुमचे जावई तिथून परस्पर ऑफिसला गेले, तुमची नात आतल्या खोलीत, सुट्टीला जायचंय त्या बेटाचे व्हिडिओ बघतेय, आणि मी इथे मस्कतला, माबेल्याच्या या घरात फोन मांडीवर घेऊन बसलेय. चिपळूणला आईचं हृदय थकलंय. डॉक्टर म्हणतात, असंही वर्ष निघेल, नाहीतर उद्याचंही सांगता येत नाही. उद्याच काही झालं, तर मला निघता येणार नाही.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, ते मला माहीत आहे. इथलंच, हमरियातलं आपलं जुनं दोन खोल्यांचं घर. ईदची सुट्टी आहे, खालच्या दुकानात गावाहून फोन आलाय की तुमची आई गेली, आणि तुमचा पासपोर्ट वर्कशॉपच्या ऑफिसात, कपाटात बंद. तेव्हा सगळ्यांचेच तिथे असायचे. किल्ली मालकाकडे, तुमच्या अर्बाबकडे, आणि अर्बाब पार सलालाहला, हजार किलोमीटरवर. भरलेली बॅग दाराशी ठेवून तुम्ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला आहात, पायांत बूट. एरवी चप्पलही आत येऊ न देणारी आई त्या बुटांना वळसा घालून वावरते, पोळ्या लाटते. रोज सकाळी तुम्ही वादी कबीरला, वर्कशॉपवर जाऊन येता. "काय म्हणाले?" आई विचारते. "उद्या. इन्शाल्ला." बूट काही तुम्ही काढत नाही. तुम्ही गावी पोचलात ते तेराव्याला. एकुलता एक मुलगा तुम्ही, पण अग्नी चुलतभावाने दिला. त्यावर तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाहीत. फक्त पुढे मी लग्न होऊन इथेच परत आले, पहिली नोकरी धरली आणि मॅनेजरने मागितला म्हणून पासपोर्ट सांभाळायला दिला, तेव्हा फोनवर म्हणालात, "आपली आई दुसऱ्याच्या कपाटात ठेवून आलीस?" दुसऱ्या दिवशी मी तो परत आणला. तेव्हापासून तो माझ्याच कपाटात असतो, साड्यांच्या खाली.

म्हणून मी हे बेट किती दिवस टाळत होते. पण पुढच्या वर्षी नात शिकायला निघून जाईल. तिघांनी मिळून घालवायची ही बहुतेक शेवटची सुट्टी. बेट अगदी छोटं आहे, विमानतळ नाही. बोटीने जायचं, आणि वारा सुटला की बोट बंद. "आई, इमॅजिन, वारा आला तर आपण तिथेच स्टक!" ती खुशीत म्हणते, आणि तिचे बाबा हसतात. ते दोघं समुद्राकडे उघडणारी खोली शोधतात, मी परतीचा रस्ता शोधते. बोट, मग गाडी, मग विमान, मग मुंबई, मग पुढे चिपळूण. इथल्या आपल्या माणसांना मस्कतहून मुंबईची विमानं पाठ असतात, झोपेतून उठवलं तरी सांगतील. त्या बेटावरून मुंबई किती लांब आहे, हे मात्र मला कितीही वेळा मांडलं तरी पटत नाही.

काल आईशी बोलले. "तिथे काय आहे एवढं?" तिने विचारलं.

"समुद्र आहे. लिंबाच्या बागा आहेत."

"समुद्र तुझ्या दारात आहे. लिंबं मी पाठवते." ती हसली आणि मधेच थांबली, जिना चढून आल्यासारखी. मी तिचा श्वास ऐकत राहिले. मग म्हटलं, रद्द करते.

"म्हणजे मी मरेन म्हणून तू घरात बसणार. आणि नाही मेले तर? जन्मभर म्हणशील, आईमुळे राहिलं. ते माझ्या डोक्यावर नको, बाई."

तरी आज काउंटरवर मी दोनच पासपोर्ट सरकवले. समोरच्या मल्याळी मुलीने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, आपका?"

"झेरॉक्स नहीं चलेगा?"

"ओरिजिनल छोड़ना पड़ेगा, मॅडम."

मागे रांग होती. "तुझं तू ठरव," जावई म्हणाले. गेले कित्येक दिवस ते याच आवाजात बोलताहेत. नात माझ्याकडे बघत नव्हती. "तू नाही तर मी पण नाही जाणार," ती म्हणाली, "आणि मग मला नंतर सॉरी नको म्हणू." मी पर्समधून पासपोर्ट काढला. त्या मुलीने तिन्हींना मिळून एक रबर लावलं आणि म्हणाली, "नेक्स्ट."

आत्ता दुपारी फोन वाजला. चिपळूणचा नंबर. या वेळी आई झोपलेली असते, म्हणजे तिला सांभाळणाऱ्या मावशींनी लावला असणार. मला उचलायला वेळ लागला. आईच बोलली, टीव्हीचा रिमोट चालत नव्हता, सेल कुठल्या बाजूने घालायचे ते विचारायचं होतं. मी सांगितलं.

हे मी जावयांना सांगणार नाही, आईला तर नाहीच, आणि तुम्हाला पाठवता येत नाही म्हणूनच लिहिता आलं. फोन वाजत होता तेव्हा माझ्या मनात आधी आई आली नाही, बाबा. आधी आलं, गेलं आपलं बेट. मला तिथे एवढं जायचंय, हे तोवर मलाच माहीत नव्हतं.