लोण्याच्या डब्यावरची खूण

दादा,

फ्रीजच्या कुलपाची किल्ली मिठाच्या बरणीखाली ठेवलीय. तू चोरून खातोस असं वाटून मी लोण्याच्या डब्यावर रोज पेनाने खूण करत होते. लोणी खुणेखाली कधीच गेलं नाही, तरी तुझ्यावर डाफरत राहिले. परवा तुझे डॉक्टर मला म्हणाले, दादाचं हृदय नवीन बसवलं तरी रक्तातली चरबी उतरत नाही, कारण ती तुमच्या घराण्यातच आहे. तुम्हीही तपासून घ्या, असंही म्हणाले. माझा चरबीचा आकडा आत्ता कळला, तुझ्याहून जास्त आहे. म्हणून माझ्या चिमणीला शाळेतून घेऊन परस्पर तपासायला नेतेय. दुपारच्या गोळ्या विसरू नकोस.

ती सुईला फार घाबरते. मामा एकदाही रडला नाही, असं तिला सांगणार आहे. तिने विचारलं तर हो म्हण.