घाट म्हणजे पायऱ्या

लोणावळे,
ता. ९ डिसेंबर १९३६

चि. भिमाजीभाऊजींस वहिनीचा आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. थंडी बरीच पडली आहे. जाऊबाई सरुबाईंचा खोकला थांबला असेल.

ते गेले त्या सकाळी मी चूल सारवली, शेळीला पाला टाकला आणि भाकऱ्या थापायला बसले. तुमच्या भावांनी नदीवर जायला घागरी उचलल्या. दारातून विचारलं, "आज कालवण काय?" मी म्हटलं, "या तर खरं." रोजचंच बोलणं. हल्ली काम करताना तेच आठवतं.

असो. नदीकाठच्या बागेचा नवा आराखडा झाला आहे. गुलाबाचे वाफे, बाकं, कंदील आणि सगळ्या काठानं काटेरी तार. तार तुमच्या अर्जावरून घेतली, असं कमिटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं. तुम्ही ती कुणासाठी मागितलीत, ते मला कळतं. पण भाऊजी, मी तुमच्या विरुद्ध अर्ज केला.

"नदीला घाट बांधून मिळावा," असं लिहिलं. वाचायला मी वाण्याच्या पुड्यांवरून शिकले, लिहायला त्याहून उशिरा. तरी अक्षर लागत होतं. उत्तर आलं, घाटाचं काम बागेच्या कमिटीकडे नाही, रस्तेखात्याकडे लिहावं! आपल्या गावात घाट म्हटलं की खंडाळ्याचाच. शेजारची रोशनबी हसून हसून खाली बसली. "बयाबाई, तुमी तर आगगाडीचा रस्ता मागितला!"

म्हणून सोमवारी आम्ही दोघी सभेलाच गेलो. घाट म्हणजे पायऱ्या, हे आधी सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तुमच्याच घरचा माणूस तिथं बुडाला. आणि तार तुम्हालाच नको?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "तार लावली म्हणून धुणं घरी राहत नाही. बाया तारेपलीकडच्या दरडीवरून उतरतील. तिथली माती जास्त निसरडी. आमच्या माणसाला पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते गेले. पायऱ्या द्या, धरायला साखळी द्या."

"न्हाईतर पोरांची दुपटी धुवायला आमी काय वलवणच्या धरणावर जायाचं?" रोशनबी मागून बोलली. तेव्हा अध्यक्षही हसले.

तार रद्द झाली. एक गुलाबाचा वाफा कमी करून आराखड्यात पायऱ्या धरल्या. उठता उठता अध्यक्ष म्हणाले, "उद्या गवंडी येईल. जागा त्याला तुम्हीच दाखवा."

इथं माझा धीर सुटला. ते गेल्यापासून मी नदीवर गेलेली नाही. पाणी आळीतल्या विहिरीचं भरते, धुणंही तिथंच. वाटेत रोशनबीला म्हटलं, "तू दाखव ना."

"म्या दावली आसती," ती म्हणाली. "पन पायऱ्या मागितल्या कुनी? माज्यासंगं चला. हात धरते, पन बोट तुमीच दावा."

तुम्ही रागावाल. रागवा, पण बोलणं सोडू नका. तुमच्या भावांच्या मागं माझ्याशी त्यांच्याबद्दल बोलणारे तुम्ही एकटेच आहात. पायऱ्या झाल्या की या आणि स्वतः उतरून बघा.

मंगळवारी सकाळी मी नदीवर गेले. ते घसरले त्याच जागी उभी राहिले आणि गवंड्याला म्हटलं, "इथं बांधा."

अजूनही तुमची वहिनी,
बयाबाई